चोपडी, तळटीप आणि परीक्षक

व्हाउचरवाचून खतावणीत नोंद नाही, हा बँकेतील पहिला धडा. संशोधनलेखातील तळटीप म्हणजे असेच व्हाउचर होय, हे मला निवृत्तीनंतर उमगले. त्यास निमित्त झाली माझी पुतणी. ती पुण्यात इतिहासात एम. ए. करते. विद्यार्थ्यांनीच चालविलेल्या मानव्यविद्यांच्या एका नियतकालिकास तिने लेख पाठविला. विषय निवडला सुपे येथील १८७५ च्या दंग्याचा.

सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते भीमथडीत होते. १२ मे १८७५ रोजी, ऐन बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी गुजर व मारवाडी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि कर्जरोखे व चोपड्या जाळल्या. माणसांवर हात फारसा पडला नाही. रोष कागदावर होता. हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरले, सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला.

आपल्या घरांतून हा विषय सहसा निघत नाही. आमचे पूर्वज इंदापुरात हाच व्यवहार करीत. थोरले बंधू तिला म्हणाले, “अगं, आपल्याच लोकांचे हे कशाला काढतेस?” ती म्हणाली, “मोठे काका, आपण नाही लिहिले तरी बाकीचे लिहीतच आले आहेत.”

लेख पाठविण्याचे नियम मी चष्मा लावून वाचले. शब्दमर्यादा, एकाच वेळी अन्यत्र न पाठविण्याची हमी, प्रत्येक विधानास आधार, हे अपेक्षितच होते. मला विशेष वाटले ते नाव झाकण्याचे. लेखकाचे नाव परीक्षकास कळता कामा नये आणि परीक्षकाचे लेखकास. तिने ‘माझ्या खापरपणजोबांची चोपडी’ असे लिहिले होते, ते बदलून ‘इंदापूर येथील एका खाजगी संग्रहातील चोपडी’ असे करावे लागले. आडनाव गेले, घराणे गेले. उरला केवळ मजकूर. आमच्या कर्जप्रस्तावांवर अशी पद्धत असती तर पुष्कळ शिफारसपत्रे निकामी ठरली असती!

अडीच महिन्यांनी दोन परीक्षकांचे अभिप्राय आले. पहिल्याने ‘दुष्काळात सावकारच शेतकऱ्याला तारीत असे’ या वाक्यासमोर विचारले होते: पुरावा? दुसऱ्याने उलट बाजूने टोकले होते. सावकाराच्या लोभाचे वर्णन तिने आयोगाच्या अहवालातून जसेच्या तसे उचलले होते. पण सारा वाढविणारे सरकार त्या अहवालात स्वतःला कितपत दोष देणार? गोल्डस्मिड व विंगेट यांची मोजणी १८३५ च्या सुमारास प्रथम इंदापूर तालुक्यातच झाली आणि तीस वर्षांची मुदत संपताच सारावाढही येथूनच सुरू झाली. त्यातच अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपून कापसाचे भाव कोसळले. शिवाय नील चार्ल्सवर्थ या अभ्यासकाने १९७२ मध्ये या दंग्यांचे महत्त्व फुगविले गेले आहे असे मांडले होते. त्याचा उल्लेखच तिच्या लेखात नव्हता.

माझे लक्ष वेधले ते १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने. रोखा तीनच वर्षे ग्राह्य, हा नियम ऋणकोच्या रक्षणासाठी होता. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला जाऊ लागला. आमच्या शाखेत यालाच ‘नवे-जुने’ म्हणत. हा परिच्छेद तिने माझ्याशी चर्चा करून वाढविला. तेवढा सहभाग माझा.

मधल्या काळात तिला ‘पैसे भरा, तीन दिवसांत छापतो’ असे संदेशही येत होते. मैत्रिणी त्या वाटेने गेल्या आणि प्रमाणपत्रे घेऊन आल्या. हा बाजार किती मोठा, ते पुणे विद्यापीठाचे भूषण पटवर्धन व सहकारी यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दाखविले: विद्यापीठांनी शिफारस केलेल्या ज्या १,००९ नियतकालिकांची छाननी झाली, त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट ठरली. त्याच वर्षी मे महिन्यात अनुदान आयोगाने आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. तिने पैसे भरले नाहीत, याचे मला लेख छापून येण्याहून अधिक समाधान आहे.

परीक्षकाच्या ‘पुरावा?’ला उत्तर देण्यासाठी ती इंदापूरला येऊन राहिली. मोडी वाचण्याचा तिने पूर्वीच अभ्यास केला होता. आमची सर्वांत जुनी चोपडी दंग्यानंतरची. तरी तीत एकाच कुळाच्या खाती दुष्काळी सालात उधार दिलेले धान्य आहे आणि दोन पानांपुढे व्याज मुद्दलात मिळविल्याची नोंदही आहे. ‘तारीत असे’ हे वाक्य तिने काढून टाकले आणि दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी मांडल्या. त्या नंतरच्या काळातील आहेत हेही स्पष्ट लिहिले.

थोरल्या बंधूंनी त्या दोन्ही नोंदी तिच्याकडून पुन्हा वाचून घेतल्या. पानांची छायाचित्रे घेण्यास संमती दिली, पण खातेदारांची नावे लेखात येऊ नयेत अशी अट घातली. ती कुटुंबे आजही त्याच गावात आहेत. तिने अट मान्य केली आणि सुधारित लेख गेल्या आठवड्यात रवाना झाला.