नंदादीपाची राखण

आमच्या गावाच्या नावात एक झाड आहे आणि एक आई आहे. पिंपळगाव रेणुकाई. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं हे गाव बाहेरच्यांना माहीत आहे ते मिरचीच्या बाजारामुळं. हंगामात आसपासच्या खेड्यांतून हिरव्या मिरचीची पोती येतात आणि मालमोटारी भरून दूरच्या शहरांकडं निघतात. लग्न होऊन मी जालना शहरातून इथं आले, तेव्हा पहिले काही दिवस त्या ठसक्यानं जीव नकोसा झाला होता. सासूबाई हसून म्हणाल्या, "खोक, पोरी, खोक. ज्या सालात ठसका नाही लागत, त्या सालात डोळ्यात पाणी येतंय."

ते साल आलं 2012 मध्ये. पावसानं पाठ फिरवली. मृगाला चार थेंब पडले, आणि पुढं आभाळ नुसतं भरून यायचं आणि कोरडंच ओसरायचं. विहिरीनं तळ दाखवला. मिरचीची रोपं आकसत गेली, कपाशी गुडघ्याएवढी राहिली. डोक्यावर कर्ज होतं. आमचे हे मुळातच अबोल. त्या वर्षी तर त्यांनी तोंडाला कुलूपच घातलं. भाकरी पुढं ठेवली की खायची, नाही ठेवली तर मागायची नाही.

वर्तमानपत्रांत त्या दिवसांत काय छापून येत होतं, ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. मी ती पानं चुलीत घालायची. पण मनातलं पान कुठल्या चुलीत घालणार? एके दिवशी भर दुपारी, घरात कुणी नाही असं बघून, मी फवारणीचं औषध उचलून लोखंडी पेटीत ठेवलं आणि किल्ली कमरेला लावली. कुणाला बोलले नाही. त्या रात्रीपासून माझी झोप मात्र गेली. हे कूस बदलायचे आणि मी श्वास धरायची. हे उठून अंगणात जायचे आणि मी पावलं मोजायची. परत येईपर्यंत काळजाचं पाणी व्हायचं.

सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नसे. नवरात्र तोंडावर आलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "रातभर जागीच असतेस ना? मग यंदा दिव्याची राखण तू कर."

मी जरा चिडलेच. शेतात बी उगवत नाही आणि घरात कसले घट बसवायचे! त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "1972 ला मी रस्त्यावर खडी फोडत होते. तवाबी घट बसला होता." पुढं माझ्याजवळ बोलण्यासारखं काही उरलं नाही.

16 ऑक्टोबरला घट बसले. आमच्याच शेतातली काळी माती आणली. ढेकळं इतकी टणक, की वरवंट्यानं फोडावी लागली. परडीत माती पसरली, त्यात गहू, ज्वारी पेरली, मध्ये पाण्यानं भरलेला मातीचा घट ठेवला. माळेला फुलं कुठली आणायची, हा प्रश्न होता. पण बांधावर तरवड पिवळाधमक फुलला होता. त्याला गुरं तोंड लावत नाहीत, कुणी पाणी घालत नाही. एवढी वर्षं मी त्याच्या जवळून गेले असेन, पण त्याच्याकडं कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ओंजळभर फुलं खुडताना वाटलं, शेत गेलं म्हणून सगळंच गेलं असं नाही. आपण फक्त शेताकडंच बघत होतो.

नंदादीप राखणं म्हणजे काही मोठं व्रत नव्हे. तासा-दोन तासांनी उठायचं, काजळी झाडायची, वात पुढं सारायची, तेल घालायचं. पण मला एक गोष्ट उमगली. जागरण तेच होतं, रात्र तीच होती. आधी मी भीतीची राखण करत होते, आता दिव्याची करत होते. मधल्या वेळात हातांना चाळा म्हणून जुन्या लुगड्यांची गोधडी घ्यायला घेतली. टाक्यामागं टाका पडत गेला, की कर्जाचे आकडे मोजायचं आपोआप राहून जाई.

गोधडी शिवता शिवता रेणुकेची कथा मनात घोळायची. ही आई रोज नदीवर जाई, वाळूचा कच्चा घडा घडवी आणि त्यातून पाणी आणी. मन स्थिर होतं तोवर घडा टिकला. एके दिवशी क्षणभर मन चळलं आणि घडा विरघळला. पुढं ऋषींचा कोप आणि परशुरामाची कुऱ्हाड, हे सर्वांना ठाऊक आहे. लहानपणापासून ही कथा मी मन ताब्यात ठेवावं, या उपदेशासाठीच ऐकली होती. त्या रात्री ती मला निराळी दिसली. ज्यांचं मन कधी चळलं नाही असे ऋषी पुष्कळ होऊन गेले. पण लोकांनी आई म्हणून हाक मारली ती जिचा घडा फुटला तिला. साडेतीन पीठांपैकी एक असलेल्या माहूरला माणसं डोंगर चढून जातात ती तिच्यासाठीच. मग डळमळलेलं मन घेऊन तिच्यापुढं बसायला लाज कशाची? तिला ते नवीन थोडंच आहे!

ललितापंचमीच्या रात्री मात्र माझा डोळा लागला. दचकून जागी झाले तेव्हा पहाट होत होती. पहिला विचार आला, दिवा गेला असणार. दुसरा विचार इथं लिहवत नाही. धावत देवघरात गेले. दिवा तेवत होता. वात पुढं सारलेली, समई तेलानं भरलेली. आणि भिंतीला टेकून हे बसले होते.

"तू झोपली होतीस," ते म्हणाले, "म्हणून मी घातलं तेल."

मी शेजारी बसले. बऱ्याच वेळानं परडीकडं बघत ते म्हणाले, "उगवलंय बघ." घटाच्या पाझरानं मातीतून कोवळे, पिवळसर कोंब वर आले होते. त्याच शेताची माती, तेच बी. "माती मेलेली नाही," ते म्हणाले, आणि एवढा मोठा माणूस ओंजळीत तोंड घालून रडला. मी कमरेची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली आणि पेटीत काय ठेवलं आहे ते सांगितलं. त्यांनी किल्ली परत माझ्याच हातात ठेवली. म्हणाले, "राहू दे तुझ्याजवळच."

दसऱ्याला तेच कोंब त्यांनी टोपीत खोवले आणि मंदिरात जाऊन आले. दिवाळीला नवे कपडे नव्हते. ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा केला, मोजक्या करंज्या केल्या, अंगण सारवून रांगोळी काढली. करंजीला मुरड घालताना सासूबाई मला शिकवत होत्या आणि हे उंबऱ्यात बसून शेतीचा हिशेब मोठ्यानं बोलत होते. तोच आमचा सण.

देवीनं पाऊस पाडला असं मी म्हणणार नाही. पुढचा उन्हाळा टँकरच्या रांगेतच गेला. कर्ज फिटायला पुढं काही वर्षं लागली. काळजी अजूनही येते. आणि ज्याच्या घरी ती मुक्कामालाच बसली आहे, त्यानं दिव्यापुढं बसावं तसं डॉक्टरपुढंही बसावं. शेतकऱ्यांच्या मनाच्या दुखण्यासाठी सरकारनं 2015 मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यामागंही हेच शहाणपण आहे, की माणूस बोलता झाला पाहिजे.

सासूबाई आता नाहीत. दिव्याची राखण अजून माझ्याकडंच आहे. फक्त एक फरक झाला आहे. नवरात्रात मध्यरात्रीनंतर मी निवांत झोपते. तेव्हा राखणीची पाळी यांची असते.