वळलेली नजर

स्वारगेटच्या एस.टी. स्थानकावर सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत उभा होतो. केडगावला जायचे होते. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनविषयी एम.ए.च्या वर्गाशी बोलण्याआधी ती जागा पाहून यावी, एवढाच हेतू. गर्दीत एक जुनी विद्यार्थिनी दिसली. तिने मला पाहिले आणि शांतपणे नजर वळवली.

कारण मला ठाऊक होते. काही वर्षांपूर्वी तिचे परीक्षा शुल्क मी भरले होते. कोणाला सांगायचे नाही, असे ठरवलेही होते. पण प्राध्यापक-कक्षात चहा घेताना सांगून टाकले. तेही मोठ्या विनयाने, 'त्यात काय विशेष' असे म्हणत. दोन दिवसांत ती गोष्ट वर्गापर्यंत पोहोचली. त्यानंतर ती माझ्या तासाला पहिल्या बाकावर कधी बसली नाही.

दान गुप्त असावे, ही मत्तयाच्या शुभवर्तमानातील ख्रिस्ताची शिकवण मी लहानपणापासून रविवारच्या उपासनेत ऐकत आलो आहे. ती दात्याचा अहंकार आवरण्यासाठी आहे, असेच मी समजत होतो. घेणाऱ्याची मान ताठ राहावी, हाही तिचा अर्थ आहे, हे त्या वळलेल्या नजरेने शिकवले.

गाडीत बसल्यावर रमाबाई आठवत राहिल्या. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणि स्त्रिया आणल्या. पण त्यांना कायमचे आश्रित ठेवले नाही. शिकवले, कामाला लावले. पुढे रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, तेव्हा त्याची छपाई मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्या स्त्रियांनी केली. १९२२ साली रमाबाई गेल्या. त्यांचे नाव आपण आदराने घेतो; खिळे जुळवणाऱ्या त्या स्त्रियांची नावे मी वर्गात कधी घेतलेली नाहीत. घेणारे हात देणारे झाले, हे रमाबाईंचे खरे दान, आणि त्यावर कोणाची मोहोर नव्हती.

स्वारगेटवर तिला हाक मारून क्षमा मागावी, असे क्षणभर वाटले होते. पण चारचौघांत मागितलेली क्षमाही माझ्याच नम्रतेची जाहिरात ठरली असती. मी गप्प राहिलो. तिची गाडी आधी सुटली.

हे लिहिणे तरी त्या दोषातून सुटते का, हे मला अजून ठरवता आलेले नाही.