टपावरचे ओझे

सात माणसे एका गाडीत बसवावयाची, सातही जणांचे सामान त्याच गाडीतून न्यावयाचे, आणि त्या सातांत एक पंच्याऐंशी वर्षांची वृद्धा असावयाची, हे गणित शाळेतील त्रैराशिकाहून अवघड आहे. त्रैराशिकाचे उत्तर निदान एकच असते. येथे घरातील प्रत्येकाजवळ निराळे उत्तर असते आणि प्रत्येकास आपलेच बरोबर वाटते. अलीकडे आमच्या गारखेड्यात या गणिताचे एक उत्तर पुष्कळ घरी काढलेले दिसते. गाडीच्या टपावर कॅरियर बसवावयाचा आणि ओझे माथ्यावर घेऊन निघावयाचे.

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, दक्षिण अंगास गारखेडा वसलेला आहे. नावातला 'खेडा' तेवढा आता खेड्याची आठवण देतो. एरव्ही सूतगिरणी चौक, गजानन महाराजांचे मंदिर, विभागीय क्रीडा संकुल आणि त्यांच्या सभोवार दाटलेल्या वसाहती यांत जुन्या गावाचा माग काढणे कठीण. येथील पुष्कळ कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने बाहेरून येऊन स्थायिक झालेली. त्यामुळे घर गारखेड्यात आणि कुलदैवत दूर, अशी स्थिती. कोणाची देवी तुळजापुरास, कोणाची माहुरास, कोणाची अंबेजोगाईस. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत पहाटे फिरावयास निघावे, तर दर चार-दोन इमारतींपुढे एखादी गाडी दारे उघडी टाकून उभी असते, गृहिणी वरच्या मजल्यावरून एकेक पिशवी खाली धाडीत असते, आणि गृहस्थ डिकीपुढे हात कमरेवर ठेवून विचारमग्न असतात. ही मुद्रा आम्ही इतक्या दारी पाहिली आहे की, तिला या वसाहतीचे ग्रामचिन्ह म्हणावयास हरकत नाही.

टपावर सामान नेण्याची रीत मात्र नवी नाही. आमच्या बाळपणी एस.टी.च्या मागच्या बाजूस लोखंडी शिडी असे व टपावर कठडा असे. हमाल वळकटी, ट्रंक, आंब्याची करंडी, क्वचित सायकल आणि एखादी शेळीदेखील वर चढवी. पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. मराठवाड्यात तत्पूर्वीच, १९३२ पासून, निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने मोटारी सुरू केल्या होत्या. त्या काळच्या मोटारी ओझ्यासाठीच बांधलेल्या असत. आजच्या घरगुती गाडीचा टप हा मुळात छत आहे, माळा नव्हे. आणि कॅरियर निवडताना चुकणारे बहुतेक लोक येथेच चुकतात.

आमच्या घरी हा प्रश्न मार्गशीर्षातील योगेश्वरीच्या उत्सवामुळे उपस्थित झाला. आईने 'एकदा देवीपुढे बसून ओटी भरावयाची आहे' असे म्हटले. तिने असे म्हटल्यावर पुढे बोलावयाचे काही उरत नाही. आई, आम्ही उभयता, पुतण्या, सून आणि त्यांची दोन मुले मिळून सात. गाडी सात आसनांची. परंतु सात आसनांच्या गाडीत मौज अशी की, सातवे माणूस बसले की सामान उठते. उदाहरणार्थ, मारुतीच्या अर्टिगा गाडीत तिसरी रांग आडवी केली तर मागे ५५० लिटर जागा मिळते. रांग उभी केली तर अवघी २०९ लिटर उरते. आमच्या पोरांच्या शाळेच्या दप्तरांनीच तिचा निम्मा भाग भरावा! शिवाय आईची घडीची चाकांची खुर्ची. आईचे म्हणणे एकच. "माझ्या पायाशी पिशव्या ठेवू नका रे, गुडघा लांब करता आला पाहिजे."

पुतण्याने निर्णय तत्काळ सांगितला. "काका, पाचशे लिटरची बंद पेटी घेऊ, म्हणजे पुन्हा जागेची चिंताच नको."

"अरे, लिटर पेटीचे. टपास विचारशील तर तो किलोत उत्तर देईल," आम्ही म्हणालो, आणि गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका कपाटातून काढावयास लावली.

ती पुस्तिका वाचणे हीच कॅरियरच्या खरेदीची पहिली पायरी होय. धावत्या गाडीच्या टपावर किती भार चालेल हे तीत दिलेले असते. घरगुती गाड्यांत तो आकडा बहुधा ५० ते ७५ किलोंच्या आसपास असतो, आणि काही गाड्यांच्या टपावर काहीच ठेवू नये असेही स्पष्ट लिहिलेले असते. टपाच्या दोन्ही कडांस ज्या चकचकीत पट्ट्या दिसतात त्या पुष्कळ गाड्यांवर निव्वळ शोभेच्या असतात. त्यांवर ओझे बांधणे म्हणजे भिंतीवर रंगविलेल्या खुंटीस पागोटे अडकविणे. पुस्तिकेतील आकडा सामानाचा नव्हे, तर टपावर जे जे चढेल त्या सर्वांचा असतो, हेही ध्यानी धरावे. समजा आकडा ७५ आहे. आडव्या दांड्यांची जोडी सहा किलोंची, पेटी अठरा किलोंची, उरले ५१. आकडा ५० असेल तर उरले २६, म्हणजे कपड्यांच्या दोन बऱ्या बॅगा. पेटी पाचशे लिटरची म्हणून ती भरून टाकली, तर गाडीच्या छतावर आपण काय चढवून बसलो आहो हे पहिल्या खड्ड्यापर्यंत कळत नाही. संस्कृतात वह् धातूपासून वाहन, वाहक, प्रवाह आणि विवाह हे शब्द झाले आहेत. चारही ठिकाणी वाहून नेण्याचाच अर्थ आहे, आणि चारही ठिकाणी किती वाहवेल याचा अंदाज लोक आधी घेत नाहीत.

बाजारात तीन प्रकार मिळतात. पहिला लोखंडी किंवा पोलादी उघडी चौकट. ती स्वस्त असते आणि तीत कोणत्याही आकाराची वस्तू बांधता येते. परंतु तिचे स्वतःचे वजनच वीस-पंचवीस किलो होते, सामान ताडपत्रीत गुंडाळावे लागते, आणि कित्येक ठिकाणी ती टपास भोके पाडून कायमची बसवून देतात. हे शेवटचे कदापि करू देऊ नये. छत गंजते, गळते; शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करावयास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावलेला आहे. सबब जे बसवावयाचे ते काढता येण्याजोगे असावे, आणि शंका असल्यास परिवहन कार्यालयात आधी विचारून घ्यावे. सामान गाडीच्या अंगाबाहेर डाव्या-उजव्या बाजूस, पुढे-मागे किंवा मर्यादेपलीकडे उंच गेले, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर वीस हजार रुपये दंड आहे. तेवढ्यात सामानासाठी दुसरी गाडी भाड्याने करता येईल.

दुसरा प्रकार बंद पेटी. या व्यवसायात नावाजलेली थुले ही स्वीडनमधील कंपनी १९४२ साली स्थापन झाली. तिचा आरंभ मासे पकडण्याच्या सापळ्याने झाला, आणि टपावरील कॅरियरकडे ती पुढे १९६० नंतरच्या दशकात वळली. पेटीला कुलूप असते, पाऊस आत जात नाही, आणि तिचे तोंड निमुळते असल्याने वारा कापला जातो. कोकणात पावसाळ्यात वारंवार जाणाऱ्याने खुशाल पेटी घ्यावी. पण ती महाग, आणि घरी आल्यावर तिला ठेवावयाचे कोठे? गारखेड्यातील दोन-तीन खोल्यांच्या बिऱ्हाडात दोन मीटर लांबीची पेटी म्हणजे आणखी एक पाहुणा, आणि तो कधी न जाणारा. ती तशीच टपावर राहू दिली तर इमारतीखालच्या वाहनतळाची तुळई आडवी येते. गाडीची उंची अधिक दांड्या अधिक पेटी अशी बेरीज करून, तुळईखाली गज धरून पाहिल्यावाचून पेटी विकत घेऊ नये.

राहू दिलेल्या कॅरियरचा आणखी एक जाच आहे, तो खिशाला. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. अमेरिकन सरकारच्या ऊर्जा खात्याने दिलेले आकडे असे की, टपावरील मोठ्या, बोथट पेटीमुळे इंधनाची किफायत शहरात २ ते ८ टक्के, महामार्गावर ६ ते १७ टक्के, आणि ताशी सुमारे १०५ ते १२० किलोमीटर वेगाने १० ते २५ टक्के घटते. आमच्याकडे समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी अखेरपर्यंत खुला झाल्यापासून, आणि त्यावर मोटारींस ताशी १२० ची मर्यादा असल्यापासून, हा शेवटचा आकडा परदेशी राहिलेला नाही. रिकामी चौकटदेखील वारा अडवितेच. वर्षातून तीनदा लागणाऱ्या वस्तूसाठी तीनशे पासष्ट दिवस वाऱ्यास कर भरणारी गाडी क्रीडा संकुलाच्या रस्त्यावर आम्हांस रोज भेटते.

तिसरा प्रकार मऊ, घडी होणारी जलरोधक पिशवी. वजन चार-पाच किलो, काम झाले की घडी करून पलंगाखाली. तिला कुलूप नाही, चेनीच्या शिवणीतून मुसळधार पावसात पाणी झिरपते, आणि आकार नसल्याने ती नीट भरावी लागते. काही पिशव्या दांड्यांवाचून, दारांतून पट्टे ओढून बांधता येतात असे दुकानदार सांगतो. तो हे सांगत नाही की, पावसात त्याच पट्ट्यांवरून पाणी ओघळत आत येते व कडेला बसलेल्याच्या मांडीवर पडते. म्हणून दांड्या घ्याव्याच. आमचे मत शेवटी दांड्या व पिशवी या जोडीस पडले. पुतण्यास पेटीचा डौल सोडवेना; परंतु वजनाची वजाबाकी त्याने स्वतःच कागदावर केली आणि गप्प बसला.

खरा वाद त्यानंतर झाला. वर काय ठेवावयाचे? सर्वांचे म्हणणे, खुर्चीस सर्वांत अधिक जागा लागते, तीच वर टाका. आम्ही विरोध केला. घडीची खुर्ची पंधरा किलोंच्या पुढेच भरते. वाटेत आईस जितक्या वेळा उतरावेसे वाटेल तितक्या वेळा ती खांद्यावरून खाली घ्यावयाची व पुन्हा चढवावयाची. दोनदा झाल्यावर तिसऱ्या वेळी कोणी तरी नकळत कपाळास आठी घालील, आणि आई ती पाहील. मग ती तहान लागली तरी पाणी पिणार नाही. वृद्ध माणसे प्रवासात पाणी का पीत नाहीत हे ज्यांच्या घरी वृद्ध आहेत त्यांस सांगावयास नको. खुर्ची डिकीत, हाताशी राहिली. फराळाचा डबा, औषधे, पाण्याचा कॅन आणि देवीच्या ओटीचे सामान आत. पांघरुणे, स्वेटर आणि मुक्कामावरच उघडावयाच्या कपड्यांच्या बॅगा तेवढ्या वर. त्यांतही जड बॅग मध्यभागी, हलकी कडेला.

गारखेड्याहून अंबेजोगाई सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. बीड बायपासने झाल्टा फाट्यावर जावयाचे, आणि तेथून आडूळ, पाचोड, शहागड, गेवराई, बीड. टपावरचे बांधकाम निघाल्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटरांनी एकदा उतरून तपासावेच. पट्टे त्या अवधीत आपली जागा धरतात व सैल होतात. आम्ही हे काम पाचोडच्या चहाबरोबर उरकले. चापट पट्टा वाऱ्यात गुणगुणू लागतो आणि तास-दोन तासांत डोके उठवितो; त्यास बांधताना एक पीळ द्यावा, म्हणजे तो मुका होतो. शहागडापाशी गोदावरीच्या पुलावर आडवा वारा लागला, तेव्हा ओझे माथ्यावर आहे याची जाणीव गाडीने प्रथम दिली. बीडच्या पुढे मांजरसुंब्याच्या घाटात दुसऱ्यांदा दिली. वजन वर गेले की वळणावर गाडी कलते आणि थांबावयास अंतर अधिक लागते. पुतण्याने न सांगता वेग उतरविला. मागे आईने पाय लांब केले होते आणि ती झोपली होती.

मांजरसुंबा सोडून नेकनूर, केज करीत आम्ही दुपारी अंबेजोगाईस पोहोचलो. निजामाच्या अमलात या गावास मोमिनाबाद म्हणत. मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाध्यांमुळे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकास हे क्षेत्रच होय. जाड कापडावर ग्रंथ लिहून काढणाऱ्या दासोपंतांची पासोडी प्रसिद्ध आहे. योगेश्वरीचे मंदिर जयंती नदीच्या काठी आहे. परळीच्या वैजनाथाशी देवीचा विवाह ठरला, कोकणातून वऱ्हाड निघाले, मुहूर्त टळला आणि वऱ्हाडाचे दगड झाले, अशी दंतकथा येथे सांगतात. आमच्या नातवाने विचारले, "त्यांच्याकडे सामान खूप होते का?" देवीच्या वऱ्हाडास उशीर का झाला याचा इतका सरळ विचार आजवर आम्ही केला नव्हता.

खुर्ची डिकीतून क्षणात निघाली. आईने देवीपुढे बसून ओटी भरली, आणि बसली ती अर्धा तास उठलीच नाही. टपावरची पिशवी रात्री मुक्कामावर उतरविली. आतील पांघरुणे कोरडी होती, वरून मात्र महामार्गाची बोटभर धूळ.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी दांड्या काढाव्या. त्यांच्या पायांखालील रबरी गाद्या पुसाव्या, टपावर अडकलेली वाळू धुवून काढावी, नाहीतर रंग घासला जातो. पट्टे उन्हात न टाकता सावलीत वाळवावे. आणि दांड्यांचे बोल्ट व त्यांची किल्ली एका डब्यात घालून, डब्यावर नाव लिहून, तो पुस्तिकेशेजारी ठेवावा. आमच्या घरी तो देवघराच्या फळीखाली आहे, कारण त्या फळीखालची वस्तू कोणी हलवीत नाही.