दोन हिरवळी

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या मामांनी आम्हांस मॉरिशस बेटास नेले. मामांस गोल्फचा मोठा नाद. एरवी ते पुण्यास येरवड्याच्या मैदानावर खेळतात. परंतु समुद्राकाठी खेळावे, ही त्यांची फार दिवसांची इच्छा. त्यांच्या काठ्यांची पिशवी वाहण्याचे काम आमच्याकडे आले, आणि त्या निमित्ताने एकाच बेटावरील दोन मैदाने आम्हांस पायी हिंडून पाहावयास मिळाली.

ज्या वाचकांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्याकरिता दोन शब्द. मोठ्या मैदानात १८ ठिकाणी लहान खळगे केलेले असतात. प्रत्येक खळग्यात चेंडू होता होईल तितक्या कमी टोल्यांत घालावयाचा, एवढाच हा खेळ. परंतु एवढ्याकरिता सुमारे शंभर-दीडशे एकर जमीन लागते, आणि तिजवर बारमाही हिरवळ राखावी लागते.

पहिले मैदान व्हाकोआ गावचे. हे गाव बेटाच्या मधल्या पठारावर आहे. तेथील जिमखाना ब्रिटिश लष्कराच्या काळचा, १८४४ सालचा असल्याचे सांगतात. उंच जुने वृक्ष, त्यांमधून गेलेले गवताचे पट्टे, आणि कुंपणापलीकडे गावकऱ्यांची घरे. समुद्राचे दर्शन कोठेच नाही. आम्ही गेलो त्या सकाळी भुरभुर पाऊस लागला होता. मामा किंचित हिरमुसून म्हणाले, "हेच पाहावयाचे तर महाबळेश्वर काय वाईट होते?"

दुसरे मैदान पूर्व किनाऱ्याजवळच्या ईल ओ सेर, म्हणजे हरणांचे बेट, या लहानशा बेटावर. तेथे होडीनेच जावे लागते. जर्मनीचा नामांकित खेळाडू बर्नहार्ड लांगर याने त्याची आखणी केली व २००३ साली ते खुले झाले. तेथील शोभेचे वर्णन काय करावे! एका बाजूस नीलमण्यासारखे पाणी, दुसऱ्या बाजूस पांढरी वाळू, आणि मध्ये पाचूसारखी हिरवळ. मामांचे सात चेंडू पाण्यात गेले; तरी त्यांची मुद्रा प्रसन्न होती. सायंकाळी परतताना आम्ही दोघांनीही निकाल देऊन टाकला की, दुसऱ्या मैदानापुढे पहिले काहीच नव्हे.

ज्या मराठी कुटुंबाकडे आम्ही व्हाकोआस उतरलो होतो, तेथील आजोबा ओसरीवर बसून हे ऐकत होते. १८३४ पासून १९२० पर्यंत हिंदुस्थानातून जवळजवळ पाच लाख मजूर करारावर या बेटावर उतरले. त्यांत मुंबई बंदरातून निघालेले मराठी लोकही होते. या आजोबांचे पूर्वज त्यांतलेच. त्यांनी जन्मभर उसाच्या मळ्यांत कोयता चालविला. आजोबांनी स्वतः ३० वर्षे गोल्फच्या मैदानांवर गवत राखण्याची चाकरी केली. मैदानांची पारख त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणास असणार?

मामांनी विचारले, "आजोबा, तुमच्या मते यांत सरस कोणते?"

आजोबा हसले. "तुम्ही वरून पाहता, मी मुळाकडून पाहतो. पठारावरचे गवत आभाळाचे पाणी पिते. माळी चार दिवस निजला तरी ते मरत नाही. किनाऱ्याचे गवत खारा वारा सोसते खरे. पण उन्हाळी त्यास रोज पाजावे लागते. शोभा दोहोंसही आहे. एकीचे मोल ढग देतो, दुसरीचे माणूस." मग आमच्याकडे वळून त्यांनी विचारले, "बाळ, तुमच्या गावी गवतास कोण पाजतो?"

आम्ही निरुत्तर झालो. आमच्या छत्रपती संभाजीनगरात माणसांच्या नळासच वर्षानुवर्षे कित्येक दिवसांआड पाणी येत आले आहे. पैठणचा नाथसागर काही दूर नाही, तथापि पाण्याचा दिवस चुकला तर घरात केवढी तारांबळ उडते, हे येथील प्रत्येक वाचक जाणतो. सुट्टीस निघालो तेव्हा आई पिंपे भरण्याकरिता पहाटे उठून बसली होती, ते चित्र आमच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. दिवसभर त्या हिरवळीवर चालताना पाण्याचा विचार एकदाही मनास शिवला नाही, याची लाज वाटली.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. शाळेचे आमचे मैदान मार्च महिन्यापासून उघडे पडते, धूळ उडते, आणि बाहेरगावचे संघ आले म्हणजे आम्हांस संकोच वाटतो. त्यावर हिरवळ का लावीत नाहीत, अशी तक्रार आम्हीही केलेली आहे. बेटावरून परतल्यावर ती तक्रार आम्ही सोडून दिली. हिरवळ वाईट नव्हे. पण ती कोणाच्या पाण्यावर वाढते हे पाहिल्यावाचून तिची तुलना पुरी होत नाही, एवढे त्या वृद्ध माळ्याने आम्हांस शिकविले.

जून महिन्यात शाळा उघडली आणि दोन चांगल्या सरी पडल्या. आठ दिवसांत त्याच उघड्या मैदानावर कोणी न पेरता कोवळे गवत उगवून आले. ते दिवाळीपलीकडे फार टिकणार नाही, हे आम्ही जाणतो. तरी त्या सायंकाळी मामांस पत्र लिहिले: "तिसरे मैदान पाहावयास या. येथे खळगे पुष्कळ आहेत, आणि हिरवळीस पाजणारा आजोबांच्या पसंतीचा आहे."