‘एमआर’ ही दोन अक्षरं

काकांचा कॉम्प्युटर मी बंद पाडला तेव्हा २००३ सालच्या दिवाळीला सव्वा महिना उरला होता. सांगलीत गणपती पेठेमागच्या गल्लीत त्यांचा दोन खोल्यांचा छापखाना. डीटीपीला एकच मशीन, त्यावर विंडोज ९८, पेजमेकर आणि श्रीलिपी. मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाबरोबर मिळालेली लिनक्सची सीडी अंगाऱ्याच्या पुडीसारखी जवळ बाळगून हिंडत होतो. काका जेवायला घरी गेले, तेवढ्यात मी ती सीडी आत सरकवली. विंडोजला धक्का न लावता शेजारी लिनक्स टाकायचा बेत होता. पार्टिशनच्या यादीत चुकीच्या ओळीवर एंटर दाबलं. चार वर्षांची पानं, लग्नपत्रिका, अर्धा लावून झालेला दिवाळी अंक, सगळं गेलं.

काका आले, पडद्यावरच्या पेंग्विनकडं बघत उभे राहिले आणि म्हणाले, “छान आहे. पण ह्यात मराठी कुठाय?”

मराठी जेमतेम होतं. युनिकोडमधला देवनागरी मजकूर उघडला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाऊन बसायची आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडायची. श्रीलिपी तर विंडोजशिवाय चालायचीच नाही. काका आणि ऑपरेटर ताईंनी रात्री जागून अंक पुन्हा टाईप केला. मला कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, कारण त्या प्रसंगातून मी भलताच धडा घेतला. दुसऱ्याच्या चालत्या मशीनला हात लावू नये हे शिकायचं सोडून लिनक्सला मराठी शिकवायला हवं, हे शिकलो.

पुण्यात आम्ही सात-आठ जण शनिवारी जमून ग्नोम नावाच्या डेस्कटॉपच्या मेनूंचं भाषांतर करायचो. भाषांतराच्या फाईलला भाषेचं दोन अक्षरी नाव असतं, तसं आमच्या फाईलचं नाव एमआर डॉट पीओ. कॉम्प्युटरच्या दुनियेत मराठीची ओळख एवढीच, एम आणि आर. फोल्डरला ‘संचयिका’ म्हणायचं की फोल्डरच, यावर एकदा अडीच तास वाद झाला. (फोल्डरवाले बरोबर होते. मी संचयिकावाला.) पण पहिल्यांदा मशीन सुरू केल्यावर मेनू मराठीत उमटला, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. ते श्रम आजही मला वाया गेलेले वाटत नाहीत. त्या दोन अक्षरांचं पुढं जे झालं ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

त्या काळात माझी तीन मतं होती आणि तिन्ही मी कुणी न विचारता सांगायचो. पहिलं, ऑपरेटिंग सिस्टीम हा नीतीचा प्रश्न आहे. हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्डस १९९१ मध्ये नम्रपणे कळवतो की मी हौसेखातर काहीतरी लहानसं करतो आहे, आणि दहा वर्षांनी मायक्रोसॉफ्टचा प्रमुख स्टीव्ह बाल्मर त्या लहानशा गोष्टीला कॅन्सर म्हणतो. बाजू घ्यायला आणखी काय लागतं? आता एक गोष्ट कबूल करतो. काकांच्या मशीनवरची विंडोज चोरीची होती, असेंबल करून देणाऱ्यानंच टाकून दिलेली. ज्या बिलाविरुद्ध मी त्वेषानं भांडत होतो, ते आमच्या घराण्यात कुणी भरलेलंच नव्हतं.

दुसरं मत पेटंटांचं. ॲमेझॉनला १९९९ मध्ये एका क्लिकवर खरेदी करण्याच्या युक्तीचं अमेरिकन पेटंट मिळालं आणि काही दिवसांतच त्यांनी बार्न्स अँड नोबलला कोर्टात खेचलं. जिफ चित्रांमागच्या एलझेडडब्ल्यू या आकुंचनाच्या रीतीवर युनिसिसचं पेटंट होतं. चित्रं जगभर पसरल्यावर कंपनीनं परवान्याचे पैसे मागायला सुरुवात केली. या दोन गोष्टी मी इतक्यांदा सांगितल्या होत्या की घरी आईलाही पाठ होत्या. २००४ च्या डिसेंबरात आपल्याकडं अध्यादेश निघाला. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३ (के) प्रमाणं नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही. अध्यादेशानं त्या भिंतीला खिडकी पाडली होती. आम्ही फर्ग्युसन रस्त्यावर सह्यांचे कागद घेऊन उभे राहिलो. २००५ मध्ये संसदेनं कायदा करताना ती खिडकी बुजवली. त्याचं श्रेय सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या डाव्या पक्षांना होतं, आमच्या सह्यांना नव्हे, पण आम्ही मिसळ आमच्याच नावानं खाल्ली. त्याच वर्षी ६ जुलैला युरोपच्या संसदेनं सॉफ्टवेअर पेटंटांचा मसुदा ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला, तेव्हा दुसरी मिसळ.

तिसरं मत असं की इंटरनेटवरच्या जाहिराती ही निरुपद्रवी गोष्ट आहे. किंबहुना उपकारच. वर्तमानपत्र जाहिरातींवर चालतं, काकांचा दिवाळी अंकही सराफांच्या आणि सहकारी बँकांच्या पानांवर निघतो, मग शोधाचं यंत्र जाहिरातींवर चाललं तर बिघडलं कुठं? मायक्रोसॉफ्ट पैसे मागतं, गूगल मागत नाही. माझ्या हिशेबात चांगलं-वाईट ठरवायला तेवढं पुरेसं होतं. ब्रिन आणि पेज यांनी विद्यार्थी असताना १९९८ च्या त्यांच्या निबंधात स्वतःच लिहून ठेवलं होतं की जाहिरातींच्या पैशावर चालणारं शोधयंत्र वाचकापेक्षा जाहिरातदाराकडं झुकणार. तो भाग मी लोकांना त्यांच्या प्रामाणिकपणाचा दाखला म्हणून सांगायचो. तो इशारा होता हे ध्यानात आलं नाही. ओव्हर्चर कंपनीनं शोधाच्या निकालाशेजारची जागा लिलावात विकायची पद्धत आधी बसवली होती, तिचं पेटंट घेतलं होतं आणि गूगलवर दावा लावला होता. २००४ मध्ये गूगलनं २७ लाख शेअर देऊन तो मिटवला. त्या भांडणात मी अर्थातच गूगलच्या बाजूनं. लिलावाची पद्धत कुणाची, यावर मी तावातावानं बोललो. लिलावात नक्की काय विकलं जातंय, हे मात्र विचारलं नाही.

२०१० साली मी पुण्यातल्या एका जाहिरात-तंत्रज्ञानाच्या कंपनीत लागलो. मुलाखतीत मी एकच प्रश्न विचारला, सर्व्हर कशावर चालतात? सगळे लिनक्सवर. मी घरी फोन करून सांगितलं की मनासारखं काम मिळालं.

काम खरोखर सुंदर होतं. तुम्ही फोनवर एखादं पान उघडता. पान पूर्ण दिसायच्या आत त्यावरच्या जाहिरातीच्या चौकोनाचा लिलाव पुकारला जातो. पुकारा अनेक कंपन्यांकडं एकाच वेळी जातो आणि प्रत्येकीनं साधारण १०० मिलिसेकंदांत बोली लावायची असते. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. जो जास्त बोली लावेल त्याची जाहिरात. चौकोन काही पैशांत जातो. हे सेकंदाला हजारो वेळा, न अडखळता चालवायचं, याची एक नशा असते आणि ती मला चढली होती. पुकाऱ्यात काय असतं? फोन कुठला, नेटवर्क कुठलं, ठिकाण, फोनचा जाहिरात क्रमांक, पानाचा विषय, भाषा. लिलाव जिंकतो एक. पण पुकारा ऐकलेला असतो सगळ्यांनी, न जिंकलेल्यांनीही.

चार वर्षांनी बोली वेगानं ठरवण्याच्या आमच्या एका युक्तीसाठी कंपनीनं अमेरिकेत पेटंटचा अर्ज केला. त्यावर चार नावं होती, त्यात माझं तिसरं. फर्ग्युसन रस्त्यावर सह्या गोळा करणाऱ्यानं त्या अर्जावर मुकाट्यानं सही केली. बक्षिसाचा चेक आणि एक लाकडी पाटी मिळाली. पाटी आईनं शोकेसमध्ये ठेवली, गणपतीशेजारी. मी स्वतःला समजावलं की अर्ज अमेरिकेत आहे, कलम ३ (के) शाबूत आहे.

मग २०१७ च्या पावसाळ्यात एका रात्री काहीतरी अडलं होतं म्हणून मी पुकाऱ्यांच्या नोंदी एकेक ओळ वाचत बसलो होतो. एरवी त्या कुणी वाचत नाही, त्यांची फक्त बेरीज होते. एका ओळीवर थांबलो. वेळ रात्री २ वाजून ४० मिनिटं. एक स्वस्तातला अँड्रॉइड फोन. पानाचा विषय: वंध्यत्व. विषयांची ठरलेली यादी असते. तिच्यात स्वयंपाक आणि क्रिकेट असतं, तसंच नैराश्य, कॅन्सर, एड्सही असतात, प्रत्येकाला नंबर. ठिकाणाचे अक्षांश-रेखांश नकाशावर टाकले तर मिरज रस्त्यालगतची एक वसाहत निघाली, मला माहीत असलेली. आणि भाषेच्या रकान्यात दोन अक्षरं: एमआर.

नाव नव्हतं. आमच्या धंद्यात हे वाक्य फार म्हटलं जातं, की नाव नसतं. पण मी दुसऱ्या दिवशी एसटीनं जाऊन त्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहू शकलो असतो. कुणीतरी बाई, किंवा बाप्या, अडीच-पावणेतीनला घर झोपलेलं असताना पांघरुणात फोन घेऊन, आपल्या भाषेत, आईलाही न सांगितलेली गोष्ट वाचत होतं. तिथं मराठी नीट उमटत होतं. वेलांटी जागेवर होती, जोडाक्षरं धड होती. ती तशी उमटावी म्हणून किती जणांनी शनिवार घालवले होते. आणि त्या मराठीमुळंच ती ओळ थोडी जास्त नेमकी, म्हणजे जास्त विकाऊ झाली होती.

मी लगेच राजीनामा दिला असं लिहिता आलं असतं तर आवडलं असतं. घराचे हप्ते होते. आणखी दीड वर्ष राहिलो.

पेटंटांबद्दल माझं मत उलटलं असं नाही. कलम ३ (के) असावं असंच आजही वाटतं. पण पेटंटाला मी राक्षस समजत होतो तो निदान दारावर नाव लावून राहतो. काय हक्क मागतोय ते छापून उघड करावं लागतं, आणि मुदत संपते. जिफमागचं पेटंट अमेरिकेत २००३ मध्ये संपलं. एका क्लिकचं २०१७ मध्ये संपलं, आणि एमपी ३ चा परवाना देणंही त्याच वर्षी थांबलं. त्या मिरज रस्त्यावरच्या ओळीला मुदत नव्हती. ती किती ठिकाणी उतरवून घेतली गेली याची नोंद आम्हीही ठेवत नव्हतो.

ऑपरेटिंग सिस्टीमची लढाई तर आम्ही जिंकलोच म्हणायची. नोव्हेंबर २०१७ पासून जगातले पहिले ५०० महासंगणक सगळे लिनक्सवर आहेत. मायक्रोसॉफ्टनं २०१८ मध्ये लिनक्सच्या संरक्षणासाठी स्थापलेल्या गटात सामील होऊन ६०,००० पेटंटं खुली केली. विशीत ही बातमी ऐकली असती तर मी रस्त्यावर पेढे वाटले असते. आणि त्या रात्रीचा तो स्वस्तातला फोन? त्याच्याही पोटात लिनक्सच होतं. जाहिरात क्रमांक मात्र वरून घातलेला. २०२२ च्या ऑक्टोबरात आपल्या स्पर्धा आयोगानं अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १३३७.७६ कोटींचा दंड केला तेव्हा जुन्या गटातल्या एकानं मला विचारलं, तू कुणाच्या बाजूनं? मला पहिल्यांदाच चटकन उत्तर आलं नाही. चोरीच्या विंडोजवरून आख्ख्या जगाला शिकवणारा मी, फुकट मिळालेल्या गोष्टीचं बिल कुणाच्या नावावर फाटतं हे बघायला पंधरा वर्षं उशिरा पोचलो होतो.

आता नातेवाईकांकडं गेलो की त्यांचा फोन मागतो आणि सेटिंग्जमधून तो जाहिरात क्रमांक पुसून टाकतो. पुसायची सोय आहे. अर्थात त्यासाठी मी दुसऱ्याच्या चालत्या मशीनला हात लावतो, हे काकूंनी मागच्या गणपतीत सगळ्यांसमोर ऐकवलं.

काकांनी २००३ नंतर त्या खोलीत इंटरनेटची वायर येऊ दिली नाही. आता वयामुळं ते फक्त दिवाळी अंकापुरते बसतात. मशीनवर विंडोज एक्सपी आहे, पेजमेकर आहे, श्रीलिपीचा लॉक मागे खोचलेला आहे. मी त्याच्या तीन हातांच्या आत जात नाही. परवा तिथं होतो तेव्हा पेठेतल्या सराफांचा मुलगा जाहिरातीचं पान पक्कं करायला आला होता. एमबीए झालेला, बोलायला नम्र. आजोबांपासून ते कव्हरच्या आतलं पान घेतात. त्यानं विचारलं, “काका, पान किती जण बघतात, कुठले, काय वयाचे, हे कसं कळणार?”

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “दुकानात येतील तेव्हा विचार की.”

मुलानं माझ्याकडं बघितलं. मी प्रुफात डोकं घातलं.