चौघांपुरतं छप्पर

उत्तनच्या खडकांवर आम्ही चौघे गरवायला जातो. यंदा डोक्यावर काहीतरी न्यायचंच, असं ठरलंय. मासा उन्हाला कंटाळत नाही, माणसं अकरा वाजताच कुरकुरू लागतात.

*

पहिली अट एसटीएवढी जुनी: बसमध्ये मावलं पाहिजे. दहा बाय दहाचा घडीचा मंडप दुकानात झकास दिसतो, पण मिटवल्यावरही तो जवळजवळ माणसाच्या उंचीचा आणि पंधरा-वीस किलोंचा. भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या बसमध्ये रविवारी तो घेऊन चढायचं, तर कंडक्टरच्या आधी मागचे प्रवासीच उतरवतील. मंडप बाद.

*

भाचा मिनेसोटात असतो. तिथे तळी गोठली की लोक बर्फाला भोक पाडून गळ सोडतात, वर तंबू ठोकून. त्याला फोन केला. दोन जाती आहेत म्हणे. एक घसरगाडीवर बसवलेला, मागून ओढून डोक्यावर घ्यायचा. दुसरा नुसता कापडाचा. प्रत्येक भिंतीच्या मध्यावरचा पट्टा बाहेर ओढला की भिंत ताणून उभी राहते. आत मुद्दाम काळोख, म्हणजे भोकातून खालचं पाणी दिसतं. शेगडी पेटवायची तर वर हवेला वाट ठेवायलाच हवी, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड. आणि पायाखाली चार इंच पक्का बर्फ असल्याशिवाय पाऊलच टाकायचं नाही, असं तिथलं सरकारी खातं सांगतं.

आपल्याला यातलं काय लागू? एकच. "मामा, लेबलवर चार माणसं लिहिलं असलं तर अडीच धर," तो म्हणाला. गळ, बादली, डबे आणि आमच्यातल्या एकाचं पोट धरलं, तर दोनच.

*

मिनेसोटावाल्यांना वारा बाहेर ठेवायचा असतो, आपल्याला आत घ्यायचा असतो. म्हणून चहूबाजूंनी बंद घुमटी तंबू इथे कामाचा नाही. मार्चमध्ये दुपारी त्यात बसून पाहावं. बोंबील आपोआप सुकतील.

*

बोंबलांवरून आठवलं. उत्तनजवळच्या चौक गावाच्या बाजूला वलांड्या उभ्या असतात: बांबूंचे खांब, त्यांना आडव्या दोऱ्या आणि दोऱ्यांवर जोडी-जोडीने तोंडं अडकवलेले बोंबील. एवढा माल टांगलेला, तरी वारा आरपार जातो म्हणून वलांडी हलत नाही. भिंत घातली की वाऱ्याला धरायला जागा मिळते. छप्पर हवं, भिंती नकोत. हे तंबूच्या कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं, कारण भिंतींचेच पैसे जास्त लागतात.

*

सकाळी मतलई, दुपारनंतर खारा वारा. म्हणजे नऊला पूर्वेकडून येणारं वारं दोनला पश्चिमेकडून. छप्पर फिरवता आलं पाहिजे. चार ठिकाणी घट्ट रोवलेलं काही चालणार नाही. पूर्वेचं वारं असलं की धावगी डोंगरावरच्या कचऱ्याचा वासही खाली येतो. त्यावर कुठल्याच कापडाचा इलाज नाही.

*

जागा ठरवायची तर भरती बघायची. कोळ्यांचा हिशेब सोपा: तिथीची पाऊणपट करा, भरतीचा तास निघतो. अष्टमीला सहा. म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. भांगाचे दिवस, पाणी फार हलत नाही. खडक मोकळे, भर उन्हात छप्पर टाकायला ऐसपैस जागा. पौर्णिमेला पंधरा पाउणे सव्वा अकरा: ऐन सावली हवी तेव्हाच उधाणाचं पाणी चढत येतं. पावसाळ्यात तर ते साडेचार मीटरच्या वरही जातं. पंचांग न बघता जागा धरणारा माणूस अर्ध्या तासात सामान उचलताना दिसतो.

*

खुंट्या. वाळूत पातळ खुंटी म्हणजे नुसता देखावा, खडकात ती शिरतच नाही. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या न्याव्यात, तिथेच वाळूने भराव्यात, येताना रिकाम्या करून घडी घालाव्यात. खडकावर दोर दगडाला. गाठ अशी हवी, की वारा फिरला तर एका हाताने सुटेल.

*

लोखंडी सांधा उत्तनला एक हंगाम टिकला तर नशीब. खारं दव सगळ्यात शिरतं. अॅल्युमिनिअमचे दांडे बरे, बांबू त्याहून बरा. चेन असलेलं काही घेऊच नये. घ्यावंच लागलं तर घरी गोड्या पाण्याने धुऊन दातांवर मेणबत्ती घासावी.

*

पावसाआधीच्या ढगांत विजा कडकडू लागल्या तर छपराखाली थांबायचं नाही. गळाची कार्बनची लांब काठी हातातून आधी खाली.

*

शेवटी यादी अशी: चंदेरी अस्तराची बारा बाय दहाची ताडपत्री, कडेला पितळी कड्या असलेली. दोन उंच बांबू समुद्राच्या बाजूला, दोन आखूड मागे. नायलॉनचा दोर, चार गोण्या. बांबू बसमध्ये न्यायचे नाहीत. गावात ओळखीच्या काकींच्या पडवीत ठेवायचे आणि परतताना त्यांना विचारूनच निघायचं. जिताडा लागला तर त्यातला वाटा त्यांचा. शिंगाळा लागला तर त्या घेणार नाहीत, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलंय.