प्रश्न सोडवले, वाचले नाहीत

अमेरिकेत नर्स म्हणून काम करायचं तर एनक्लेक्स ही परवाना परीक्षा द्यावीच लागते. आपल्याकडे मुंबईसह मोजक्या शहरांत तिची केंद्रं आहेत. पहिल्या खेपेला मी नापास झाले. तेव्हा माझ्याकडे बी.एस्सी. नर्सिंगची पदवी होती, मेडिसिन वॉर्डाचा अनुभव होता आणि सरावाच्या प्रश्नसंचात उत्तम टक्के पडत होते. तरी नापास कशी झाले, हे समजायला परीक्षेच्या तयारीपेक्षा जास्त मेहनत पडली.

पहिली चूक त्या टक्क्यांचीच. नाइट करून आले की लॅपटॉप उघडायचा आणि झोप अनावर होईपर्यंत प्रश्न सोडवायचे. हिरवी खूण आली की पुढचा प्रश्न. लाल आली की स्पष्टीकरणाची शेवटची ओळ वाचून पुढचा प्रश्न. संच संपला की तोच पुन्हा. दुसऱ्या फेरीत टक्के वाढले आणि मी हुरळून गेले. खरं तर पहिले चार शब्द दिसताच ‘तिसरा पर्याय’ एवढंच आठवत होतं. रुग्णाला काय झालंय, हे वाचायची वेळच येत नव्हती.

दुसरी चूक वॉर्डातून आली. ‘चार रुग्णांपैकी आधी कोणाकडे जाल?’ हा या परीक्षेतला नेहमीचा प्रकार. एकाचं काल अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय, वेदना दहापैकी सात. दुसऱ्याची साखर 260. तिसरा दम्याचा, सकाळपासून छातीत ऐकू येणारं व्हीझिंग आता एकाएकी थांबलंय आणि तो अस्वस्थ आहे. चौथा डिस्चार्जची वाट पाहतोय. मी वेदनावाला निवडला. उत्तर दम्याचा रुग्ण होतं. आवाज थांबला तो बरं वाटलं म्हणून नव्हे. श्वासनलिका इतक्या आवळल्या की आवाज व्हायलाही पुरेशी हवा जात नाही. हे मला शिकवलं गेलं होतं, कॉलेजच्या परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. पण आमच्या वॉर्डात ज्याचे नातेवाईक टेबलाशी येऊन आरडाओरडा करतात त्याच्याकडे सिस्टर आधी धावते. गप्प पडलेला रुग्ण मागे राहतो. प्रश्न सोडवतानाही मी तीच सवय चालवत होते.

तिसरी चूक कबूल करताना अजूनही लाज वाटते. रक्त चढवायला सुरुवात झाली, रुग्णाला थंडी वाजून आली, पाठ दुखू लागली. सर्वांत आधी काय कराल? मी ‘डॉक्टरांना कळवणे’ निवडलं. वॉर्डात असते तर हाताने आपोआप आधी रक्त बंद केलं असतं, नवी नळी लावून नॉर्मल सलाइन सुरू केलं असतं आणि मगच फोन उचलला असता. कागदावर मात्र डॉक्टर आधी आले. कॉलेजच्या पेपरात ‘डॉक्टरांना त्वरित कळवावे’ या वाक्याला हमखास गुण मिळायचे. एनक्लेक्स विचारते ते नर्सने स्वतः काय करायचं. डॉक्टरांना कळवायचं असतंच, पण नर्सच्या हातात काही करण्यासारखं असेल तर ते आधी.

कामाच्या वाटणीचे प्रश्नही असेच नडले. पक्षाघाताच्या रुग्णाला पहिल्यांदा भरवण्याचं काम मी बेधडक मदतनिसाकडे दिलं. आमच्याकडे मावशी भरवतात, नाहीतर घरचं माणूस भरवतं. पण त्या रुग्णाला गिळता येतंय का, हे तपासल्याशिवाय घास देता येत नाही आणि ती तपासणी मदतनिसावर सोपवता येत नाही. परीक्षेच्या आराखड्यात सर्वांत मोठा वाटा या व्यवस्थापनाच्या विभागाचा आहे. मी मात्र औषधांची अमेरिकन नावं घोकत बसले होते: पॅरासिटामॉलचं ॲसिटामिनोफेन, सालब्युटामॉलचं अल्ब्युटेरॉल. त्यात अवघड काही नव्हतं, म्हणून ते आवडत होतं.

त्यात एका सीनियरचं जुनं पुस्तक वापरलं. एप्रिल 2023 पासून परीक्षा बदलली आहे. एकाच रुग्णावर सहा-सहा प्रश्नांच्या केस स्टडी आल्या. ‘लागू असतील ते सर्व निवडा’ या प्रकारात बरोबर पर्यायाला गुण मिळतो आणि चुकीच्या पर्यायाचा वजा होतो. पूर्वी एक चुकला की सगळंच शून्य. शंका आली की आणखी एक खूण करायची, ही माझी सवय नव्या पद्धतीतही महाग पडली. ‘परीक्षेत आलेले प्रश्न’ म्हणून फिरणारी पीडीएफही मी पैसे देऊन घेतली. त्यातली कित्येक उत्तरं चुकीची होती. शिवाय परीक्षेतले प्रश्न बाहेर न सांगण्याची अट प्रत्येक उमेदवाराने मान्य केलेली असते, म्हणजे पैसे गेले ते गेले आणि कामही गैर झालं.

परीक्षा संगणक उत्तरांनुसार घडवत जातो. बरोबर आलं की पुढचा प्रश्न कठीण, चुकलं की सोपा. किमान 85 आणि कमाल 150 प्रश्न, वेळ पाच तास. माझी शेवटच्या प्रश्नापर्यंत चालली, म्हणजे उत्तीर्णतेच्या रेषेच्या आसपासच मी घुटमळत होते. नापासांना विभागवार अहवाल मिळतो. त्यात व्यवस्थापनापुढे ‘पातळीपेक्षा खाली’ असा शेरा होता.

पुन्हा बसायला किमान 45 दिवस थांबावं लागतं. त्या काळात प्रश्न कमी केले आणि चुकांची वही घातली. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहायचं: माहीत नव्हतं, नीट वाचलं नाही, अंदाज मारला, की वॉर्डची सवय आडवी आली. बरोबर आलेल्या प्रश्नातही उरलेले तीन पर्याय का चूक, हे स्वतःच्या शब्दांत सांगायचं. सांगता आलं नाही तर तो प्रश्न चुकलाच असं धरायचं. ‘माहीत नव्हतं’चा रकाना सर्वांत छोटा निघाला. वॉर्डच्या सवयीचा सर्वांत मोठा. दुसऱ्या खेपेला पास झाले.

तयारी करणाऱ्या मुलींना आणि ब्रदर मंडळींना एवढंच सांगते: केंद्रावर जाण्याआधी आपल्या अलीकडच्या वीस चुका काढा आणि प्रत्येकीचं कारण लिहा. लिहिता येत नसेल तर परीक्षेला बसण्याच्या परवानगीच्या मुदतीत तारीख पुढे घ्या. नापास झालात तर फी पुन्हा पूर्ण भरावी लागते.